डोळे उघडे असलेला एक फोटो

८ फेब्रुवारी १९९८, मूल, जि. चंद्रपूर

ही डायरी मागच्या सालची. खताच्या दुकानातून यांना मिळाली होती, कोरीच राहिली. छापलेले वार एका दिवसानं चुकतात, तारखा मात्र खऱ्या. घरी आम्ही हिंदी बोलतो, पण मी दहावीपर्यंत मराठी शाळेत होते, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच येतं.

लिहिते कशासाठी, तर मला भीती वाटते हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून.

यांना, म्हणजे माझ्या मालकांना, मुश्ताक फोटोवाल्यांना, डिसेंबरात लकवा मारला. पाय ओढत का होईना चालतात. उजवा हात तसाच लोंबतो. जीभ जड झाली आहे, दिवसातून दहा-बारा शब्द बोलतात आणि त्यातले निम्मे मला कळत नाहीत. खाट मधल्या खोलीत टाकली आहे. तिथून त्यांना पुढचा स्टुडिओ दिसतो आणि मागचं स्वयंपाकघरही.

बावीस वर्षं मी डार्करूममध्ये होते. फोटो धुणं, कापणं, निगेटिव्हवरचे ठिपके बारीक ब्रशनं भरणं माझं, आणि बाहेर जाऊन फोटो काढणं यांचं. आमची इकरा बल्लारपूरला सासरी असते. दीर नदीम परवा म्हणाला, "भाभी, स्टुडिओ बंद करो, एसटीडी डाल देते हैं." मनानं वाईट नाही तो. माझी काळजी करतो, म्हणून बोलतो.

पण यांच्या वहीत नोव्हेंबरातच लिहून ठेवलेलं सापडलं: ११ फेब्रुवारी, बुधवार, पोंभुर्ण्याकडे, गुणाबाईंच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मी नदीमला म्हटलं, मीच जाते. कॅमेरा मला चालवता येतो.

ईद होऊन आठवडा झाला. यंदा घरात शीरखुर्मा मीच केला आणि मीच खाल्ला. यांना गिळताना ठसका लागतो.

११ फेब्रुवारी

जाऊन आले. खांदा दुखतो आहे. फ्लॅशची बॅटरी इतकी जड असेल हे बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं. हे कधी बोलले नाहीत.

नवरी मुलीचं नाव चंदा. बावीसेक वर्षांची. बाजेवर बसलेली पाहिली आणि मी क्षणभर थांबलेच. केस धानाच्या वाळक्या तणसाच्या रंगाचे, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या. जन्मापासून तशीच. एक म्हातारी माझ्या कानाशी म्हणाली, "अवो, तिले भुरी म्हनतेत सारे. उजेड दिसला का डोये मिटते."

उजेडाचं तर माझं काम होतं. मी फ्लॅश मारला, तिनं डोळे मिटले. "आता नको मिटू बेटा," म्हटलं, आणि पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चौथ्या वेळी तिनं पदर वर केला. बायका ओरडत होत्या, "सरळ पाह्य ना वो! मान सरळ कर!" बिचारी मान सरळ करायची आणि डोळे आणखी घट्ट मिटायची.

मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, थांबले तर लोक म्हणतील बाईला जमत नाही. म्हणून मारत राहिले.

१५ फेब्रुवारी

चंद्रपूरच्या लॅबमधून फोटो आले. एकोणीस फोटोंत चंदा आहे आणि एकोणिसांतही डोळे मिटलेले. चेहरा पिठासारखा पांढरा, नाकाचा पत्ता नाही.

यांच्यासमोर ठेवले. डाव्या हातानं एक-एक उचलून पाहिला, सगळे पाहिले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायलाही उठले नाहीत. त्यांना माझी लाज वाटली असणार.

१६ फेब्रुवारी

गुणाबाई आणि चंदा फोटो न्यायला आल्या. मी आधीच सांगून टाकलं, माझ्याच्यानं झालं नाही, पैसे नकोत. गुणाबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचं काय चुकलं बाई? बारा वर्साआंधी मुश्ताकभाऊनं बी काहाडला होता तिचा, शाळेच्या फारमासाठी. पुरा रोल संपवला भाऊनं. एकात बी डोये उघडे नाई. आखरीले तसाच लावला. मास्तरनं फारमावर लिवलं, आंधळी."

"तुला दिसतं ना बेटा?" मी चंदाला विचारलं.

"दिसते ना. थोडं जवळून लागते. उन्हात नाई दिसत, फ्लॅशात नाई दिसत. घरात असली का मस्त दिसते."

मग गुणाबाईंनी खरी गोष्ट सांगितली. मुलगा मुखरू, भामरागडकडे आश्रमशाळेत शिपाई आहे. सुट्टीत मावशीकडे आला असताना पोंभुर्ण्याच्या बाजारात त्यानं चंदाला पाहिलं. छत्री उघडून सावलीत वांगी विकत बसली होती. चार बाजार वांगी घेतली त्यानं. मावशीच्या घरचे वैतागले, पण तो मागे हटला नाही. त्याची आई इंदुताई मात्र तिकडेच, त्याच्यापाशी. मांडीचं हाड मोडलं आहे, प्रवास होत नाही. तिच्या कानावर कुणीतरी घातलं की पोरगा आंधळी, पांढरी सून आणतो आहे. पोरापुढे काही चालत नाही म्हणून तिनं होकार दिला, पण त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नाही.

"लगन तं होईन," गुणाबाई म्हणाल्या. "पन त्या रानात पोरीले बोलाले एकच बाई राहीन. तेच तोंड फिरवून बसली तं?"

चंदा माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "चाची, मले एकच फोटो पायजे. डोये उघडे असलेला. लगनानंतर ते ड्यूटीवर आंधी जातीन, मी पंधरा दिसांनी. तोवर फोटो त्याईच्या मायजोळ राहीन. मंग तिनं ठरवावं."

मी हो म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, माहीत नाही.

ते फोटो घेऊन त्या गेल्यावर पाहिलं, तर हे खाटेवर उठून बसले होते.

१८ फेब्रुवारी

आज पूर्ण दिवस यांना विचारत होते. फ्लॅश नको, तर मग काय? छताला मारून पाहू का? त्यांच्या घराला कौलं आहेत, काळी पडलेली. उजेड तिथंच अडकेल. मोठा बल्ब? तिला तोही टोचेल.

हे एकच शब्द म्हणत राहिले, "छोटा." मला वाटलं छोटा फ्लॅश म्हणतात. नाही. छोटा कॅमेरा? नाही. शेवटी पाटी मागितली, इकराची जुनी पाटी, आणि डाव्या हातानं दहा मिनिटं खपून लिहिलं: 1.4.

आपल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर 3.5 लिहिलेलं आहे. साडेतीन मोठं की एक पूर्णांक चार? मला वाटलं, आकडे उलटे झाले असतील यांचे. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की असं होऊ शकतं.

२३ फेब्रुवारी

पहाटेच्या एसटीनं नदीमबरोबर नागपूरला. सीताबर्डीतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. "मॅडम, शादी के काम में झूम लो," म्हणाला, "और साथ में बडा फ्लॅश. सब वही ले जाते हैं." झूम हातात दिलं. काय सुंदर वस्तू! फिरवलं की समोरचा माणूस जवळ येतो. नदीम म्हणाला, बस, हेच घ्या.

घेतलंच असतं. पण पाटीवरचा आकडा डोक्यातून जात नव्हता. मी विचारलं, 1.4 म्हणून काही असतं का?

तो आत गेला. मग आतून एक जुनं भिंग काढलं, आखूड, बुटकं, काठावर चरा पडलेलं. "ये तो कोई लेता नहीं. इसमें पास-दूर कुछ नहीं होता. आपको खुद चलना पडेगा."

दुकानात इतक्या ट्यूबलाइट होत्या की दोन्हींतून सारखंच दिसत होतं. मी म्हटलं, मागचं गोदाम दाखवता? तो हसला, पण घेऊन गेला. आत खोकी, एक झरोका, बाकी अंधार. झूम लावून पाहिलं तर खोकी होती की भिंत, कळेना. मग ते बुटकं भिंग लावलं आणि खोक्यावरची अक्षरं वाचता आली. कॅमेऱ्याच्या आत कुणी खिडकी उघडावी तसं झालं.

आकडा जितका छोटा, तितकं भिंगाचं तोंड मोठं. यांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. उलटं माझंच होतं.

"चलूंगी," मी दुकानदाराला म्हटलं. अंधारात चालेल अशी ब्लॅक अँड व्हाइट फिल्मही घेतली, चारशे नंबरची. रंगीत फोटो लॅबला द्यावा लागतो, हा मला घरीच धुता येईल. तेवढं तरी माझ्या हातात राहील.

यांना भिंग दाखवलं. गालाला लावून बसले.

२ मार्च

भिंग मोठं लबाड आहे. तोंड पूर्ण उघडलं की उजेड भरपूर घेतं, पण नेमकं सुईच्या टोकाएवढंच स्पष्ट ठेवतं. शेजारच्या कमलाबाई ओसरीच्या आत चिंच फोडत होत्या, त्यांचे काढले. नाक आलं, डोळे पुसट. दुसऱ्यात कानातली बाळी लख्ख आली आणि कमलाबाई धुक्यात. त्या म्हणाल्या, "माया बाळीचाच फोटो काहाडाचा होता तं बाळीच मागाची ना!"

श्वास सोडून, कोपर छातीला टेकवून बटण दाबायचं, हे उमगलं. हे मला खाटेवरून खुणेनं दाखवत होते.

यांचा फोटो काढू म्हटलं तर पदर ओढावा तशी चादर तोंडावर घेतात.

७ मार्च

कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे. मला सवय आहे, फोटो काढला की लगेच फिल्म सरकवायचं लिव्हर ओढून कॅमेरा पुढच्यासाठी तयार ठेवायचा. काल दुपारी मी तसा तयार ठेवून कपडे वाळत घालायला गेले. परत येऊन पाहते तर शटर सुटलेलं. म्हणजे आपोआप पडलं? एक फोटो वाया.

१२ मार्च

रोल धुतला. मी न काढलेले चार फोटो त्यात आहेत. चारही हललेले, आणि नवल म्हणजे चारही उलटे. चुलीवरची भिंत खाली आणि जमीन वर. एकात मागच्या दाराची चौकट, एकात कुणाचीतरी पाठ. ओढणीवरून ओळखली, माझीच.

नदीम म्हणतो, पुराना माल ऐसा ही होता है, वापस कर दो. पण भिंग जुनं आहे, बटण तर आपल्याच कॅमेऱ्याचं. शटर आपोआप पडेल एक वेळ, पण फोटो उलटे कसे येतील?

१७ मार्च

आज आणखी दोन निघाले. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात एक हात आहे. चादरीवर पडलेला, बोटं आत वळलेली.

तो हात मी रोज तेलानं चोळते.

कॅमेऱ्याचं बटण उजव्या बाजूला असतं. ज्याच्याकडे डावा हातच आहे, त्यानं काय करायचं? कॅमेरा उलटा धरायचा. म्हणजे बटण डाव्या अंगठ्याखाली येतं.

नीट पाहिलं तर सहाही फोटोंत मीच आहे. भाकरी थापताना, दोरीवर चादर टाकताना, एकदा नुसतीच उंबरठ्यावर बसलेली. मी अशी बसते हे मला माहीत नव्हतं. थकलेली दिसते, पण वाईट दिसत नाही.

यांना काही बोलले नाही. बोलले तर थांबतील. आता कॅमेरा कपाटात ठेवत नाही. लिव्हर ओढून, खाटेच्या डाव्या बाजूला स्टुलावर ठेवते आणि कामाला जाते.

२९ मार्च

चंदा दोन दिवस राहायला आली आहे, गुणाबाईंनीच पाठवली. आमच्या मधल्या खोलीत एकच खिडकी, तिच्या घरातल्याएवढाच उजेड. डोळे उघडे ठेवते ती. हलके करडे डोळे आहेत, राखेत निळं मिसळावं तसे. मला वाटलं, झालं काम.

नाही झालं. तिचे डोळे थरथरतात. एका जागी ठरत नाहीत, पाण्यातल्या उजेडासारखे सारखे इकडून तिकडे. बोलताना लक्षात येत नाही, फोटोत येतं. पूर्ण रोल धुतला. चेहरा स्पष्ट, ओठ स्पष्ट, आणि डोळ्यांच्या जागी दोन पुसट रेघा. मिटलेल्या डोळ्यांपेक्षा वाईट. त्यात ती खरंच आंधळी वाटते.

तिनं फोटो नाकाशी धरून पाहिले. "राहू दे चाची," म्हणाली. "आपन पाह्यलं ना करून."

मी डार्करूमचं दार लावून थोडी रडले. बाहेर आले तर तिनं माझ्या स्वयंपाकघरातले तांदूळ निवडायला घेतले होते.

३० मार्च

आज सकाळी चंदा सूप घेऊन तांदूळ निवडत होती आणि मी चहा करत होते. हे एकदम "गरदन, गरदन" म्हणायला लागले. मी धावत गेले, उशी सरळ केली, मान चोळली. त्यांनी माझा हात झटकला. "गरदन!" पुन्हा उशी बदलली. मग ते इतके चिडले की डाव्या हातानं माझी हनुवटी धरून माझं तोंड चंदाकडे फिरवलं.

चंदा मान उजवीकडे वळवून, डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून सुपात बघत होती. बारीक खडे पटापट बाजूला काढत होती. आणि तिचे डोळे हलत नव्हते. एकदम स्थिर.

"चंदा, तू अशी का बघतेस ग?"

ती दचकून सरळ झाली. डोळे लागलीच थरथरायला लागले. "सवय हाय चाची. तसं पाह्यलं का दिसते चांगलं. माय रागावते. सारेच रागावतेत, मान सरळ कर म्हनून."

सारेच. मीही, साक्षगंधाच्या दिवशी. बारा वर्षांपूर्वी यांनीही सांगितलं असेल. फोटोत मान सरळ हवी, हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

मी यांच्याकडे पाहिलं. दिवसभर खाटेवर पडून माणूस काय करतो म्हणून मी मनात कुढत होते. हे दिवसभर बघत असतात.

चंदा बसमध्ये चढत असताना मी तिला म्हटलं, हळदीच्या दिवशी तुला जसं दिसतं तसंच बघ. कुणाचं ऐकू नको.

१८ एप्रिल

पोंभुर्ण्याकडून आत्ताच परतले. लगेच लिहून ठेवते.

हळद दुपारी, घराच्या मधल्या खोलीत. बाहेर मांडव घातला होता, पण मी गुणाबाईंना आधीच सांगितलं होतं की हळद आत लावा. खोलीला एक दार, एक खिडकी. पोचले तेव्हा दार बायकांनी भरून गेलं होतं, उजेडच नाही. मी ओरडले, "दार सोडा! उजेड येऊ द्या!" मला असं ओरडता येतं हे मलाच नवीन.

बायका सरकल्या, पण कुरकुर सुरू झाली. चंदाची मामी, सुकरी नावाची, मोठ्या आवाजाची, म्हणाली, "अवो फोटोवाली बाई, चमकव ना तं. चमकल्याबिगर फोटो निंघते का कुठी?"

"निघतो."

"अन् हे पोट्टी वाकडी पाहून राह्यली, तिले सरळ कर ना!"

चंदाची मान सरळ व्हायला लागली. लहानपणापासूनची सवय, कुणी म्हटलं की सरळ. मी कॅमेऱ्यातून बघत होते, डोळे थरथरायला लागले.

तेवढ्यात गुणाबाई उठल्या. हळदीची वाटी घेऊन लेकीसमोर बसल्या आणि भावजयीला म्हणाल्या, "राहू दे वो सुकरे. तिले जसं दिसते तसं पाहू दे." मग चंदाला म्हणाल्या, "पाह्य माय. तुले जसं बरं वाटते तसं पाह्य मायाकडे."

चंदानं मान उजवीकडे वळवली. हळू, आधी जरा घाबरत. डोळे डाव्या कोपऱ्यात गेले आणि थांबले. गुणाबाईंची हळदीची बोटं तिच्या गालावर होती. ती आईकडे बघत होती. आईही वाटी तशीच धरून बघत राहिली. इतकी वर्षं रागावल्यावर आज पहिल्यांदा तिनं लेकीला तसं बघू दिलं असेल.

मी दोन पावलं पुढे गेले. कोपर छातीला टेकवलं. श्वास सोडला.

पाच काढले. मग गुणाबाईंना रडू आलं आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, म्हणून थांबले. उरलेली हळद, जेवणं, नाचणं सगळं काढलं, पण ते कसं आलं असेल त्याची मला आज फिकीर नाही.

उद्या लग्नाला पुन्हा जायचं आहे. ते मांडवात, फ्लॅशनं. चंदानं आधीच सांगितलं, "उद्या मी डोये मिटूनच राहीन चाची. तुम्ही बिनधास्त मारा."

२० एप्रिल

सकाळी रोल धुतला, वाळवला. दुपारी डार्करूममध्ये गेले तर मागून पाय ओढल्याचा आवाज. हे भिंतीला धरून आत आले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. मी दार लावून लाल दिवा पेटवला. जागा अरुंद, आम्ही खांद्याला खांदा लावून उभे. बावीस वर्षांत इथं मी एकटीच असायचे, ते फक्त दारातून कागद आत द्यायचे.

मी निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडला आणि कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. यांनी डावा हात पुढे केला आणि ट्रे हलवायला लागले. हळू, पाळणा हलवावा तसं.

कागदावर जे काळं असतं ते आधी येतं. मागच्या बायकांचे केस आले, दाराच्या कडेचा अंधार आला. चंदाचं काहीच नव्हतं, नुसता पांढरा कागद. मग त्या पांढऱ्यात दोन काळे टिपके उमटले. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या. अजून चेहरा नव्हता, केस नव्हते, नुसतं बघणं होतं. त्यानंतर सावकाश नाक, ओठ, आईची बोटं.

रेघ नाही, थरथर नाही.

"देख रही है," हे म्हणाले.

तीन शब्द सलग, स्पष्ट. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते माझ्याकडे पाहतच नव्हते, ट्रेमध्ये पाहत होते. कागद जास्त वेळ राहिला तर काळा पडतो, म्हणून मी घाईनं बाहेर काढला.

२४ एप्रिल

मुखरू फोटो न्यायला आला. सावळा, लाजरा, बोलताना टोपीची घडी करतो. फोटो हातात घेतला आणि उभ्यानं पाहत राहिला. म्हणाला, "बाजारात असीच पाहे मायाकडे. मले वाटे, भाव खाऊन राह्यली."

मग त्यानं हळूच विचारलं, "माय मानीन का वो?"

मला काय माहीत. म्हटलं, फोटो काढणं आमचं काम, मानणं त्यांचं. पण तो गेल्यावर दिवसभर तेच डोक्यात राहिलं. भामरागडला बस दोन ठिकाणी बदलावी लागते. फोटो दुमडू नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी पुठ्ठा बांधून दिला होता.

११ मे

गुणाबाईंकडून निरोप आला, चंदा काल निघाली. नदीमनं विचारलं, काही कळलं का तिकडचं? त्यालाही चिंता लागली आहे. एसटीडीचं नाव महिनाभरात काढलं नाही त्यानं. परवा एका घरच्या मेंदीला बायकांतले फोटो काढायला मला बोलावलं, तर आपणहून सोडायला आला.

हे काल कॅमेरा घेऊन उघडपणे दारात बसले होते. मी समोरून गेले, त्यांनी उलटा धरला आणि माझा फोटो काढला. मी थांबून ओढणी नीट केली, तर डोकं हलवून नाही म्हणाले. चालत राहा.

३ जून

चंदाचं पत्र आलं. ती सातवी शिकली आहे, पण तिला मोठंच लिहावं लागतं, एका पानावर पाच-सहा ओळी. अकरा पानांचं पत्र. यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटची तीन पानं इथं उतरवून ठेवते.

"मी आली त्या दिवशी सासूबाई काई बोलल्या नाई. खाटेवर पडून होत्या. फोटो त्यांच्या उशीखाली होता, मले दिसला. मी पाया पडली. त्या मायाकडे लय वेळ पाहत राह्यल्या. मंग मुखरूले म्हनल्या, माई खाट उचल, तिकडे ने. त्याईनं विचारलं, काऊन? तिकडं तं दुपारचं ऊन येते. त्या म्हनल्या, ने म्हनलं ना.

"मी चुलीपाशी बसतो तिथून डाव्या अंगाले खाट ठेवाले लावली. मले समजलं नाई. मंग भाकर करता करता मी बोलाले गेली तं मान वळवाच लागली नाई. सरळ बसली, नुसते डोये नेले अन् त्या चांगल्या दिसल्या मले.

"मी विचारलं, सासूबाई तुमाले कसं माहीत? तं म्हनल्या, पंधरा दिस तोच फोटो पाहून राह्यली होती मी, दुसरं काय काम हाय मले."

हे म्हणाले, "फिर से." मी ती तीन पानं पुन्हा वाचली.

मग त्यांनी हातानं विचारलं, कोणत्या बाजूला? मी म्हटलं, डाव्या. चुलीच्या डाव्या अंगाला, उन्हात.